जास्तीची तिथी

सकाळी दहाच्या सुमारास ऊन आधी खाडीच्या पाण्यावर पडतं आणि मग आमच्या पडवीच्या छताला लागतं. वाशांवर पाण्याच्या रेषा हलत राहतात, आणि त्यांच्याखाली मी लॅपटॉप घेऊन बसलेली असते. कंपनी पुण्यात, मी रेवदंड्यात. दिवसातला बराच वेळ मी नुसती बघत बसते. हे मी साहेबांना सांगत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही. एखादा प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर चढवायचा असला की आधी त्याची पॅकेजेस उतरतात, आणि ती उतरत असताना करण्यासारखं काही नसतं. काळ्या पडद्यावर ओळी खालून वर सरकत जातात, खाली खाडीत पाणी चढत असतं, आणि थोड्या वेळाने यातलं काय कशामुळे हलतंय हेच मला कळेनासं होतं.

पॅकेज म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार तुकडा. कुठलाच प्रोग्रॅम कुणी एकट्याने लिहीत नाही. तारखा मोजायचं काम कुणी तरी आधीच करून ठेवलेलं असतं, नकाशे काढायचं आणखी कुणी. आपण यादी द्यायची, आणि जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून ते तुकडे येऊन बसतात. ज्यांनी ते लिहिले त्यांची तोंडं आपल्याला कधी दिसत नाहीत. ती माणसं आत्ता झोपली असतील की जेवत असतील, असले विचार करत मी कितीतरी सकाळी घालवल्या आहेत. माझा पगार मात्र मिळतो तो हे तुकडे एकमेकांशी भांडायला लागले की. "माझ्या मशीनवर तर व्यवस्थित चालतंय" हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. तुझ्या मशीनवर चालतंय तर मग गिऱ्हाइकाला तुझं मशीनच पाठव, असं मी एकदा एका पोराला मीटिंगमध्ये बोलून बसले होते.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला बाबा बसलेले असतात. घरात आम्ही सगळे त्यांना अरे-तुरे करतो, कोळीवाड्यात ती रीतच आहे; लिहिताना मात्र हात आपोआप 'ते' लिहितो. बाबा तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारे, बोटीवर ज्यांचा शब्द शेवटचा असतो ते. गुडघ्यांनी त्यांना बोट सोडायला लावली. बोट आता भावाकडे आहे. पण आळीतली माणसं त्यानंतरही कितीतरी वर्षं रोज सकाळी पडवीशी थांबायची आणि एकच गोष्ट विचारायची, पाणी कधी?

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. पूर्ण भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढ्याच वेळात भरलेली बोट त्याच्यावरून जाऊ शकते. भरती कधी येणार हे काढायची बाबांची रीत सोपी होती. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पाणी पूर्ण. प्रतिपदेला पाऊण वाजता. अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, कारण पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. ही रीत किनाऱ्यावर पुष्कळांना ठाऊक आहे. पण बाबांच्याकडे तिच्यावर चढवलेले बारकावे होते. दक्षिणेचा वारा दोन दिवस लागून राहिला असेल तर काय करायचं, वरून पावसाचा लोंढा आला असेल तर काय. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा, ते क्षणभर खाडीकडे बघायचे आणि वेळ सांगायचे. विचारणारा चहा पिऊन जायचा.

दोन वर्षांपूर्वी मी या सगळ्याचं एक पेज केलं. तीन दुपारी आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. ते सांगत होते, मी टाइप करत होते. मध्येच ते थांबायचे आणि म्हणायचे, "ह्ये कसा लिवशील?" आणि मी ते कसं लिहिलं ते वाचून दाखवायचे. त्या तीन दुपारी मी जितकी सुखात होते तितकी फार कमी वेळा असते. तिथी काढायला मी एक तयार पॅकेज घेतलं, बाकी सगळं बाबांचं. पेजवर दोनच गोष्टी दिसायच्या, आजची भरती किती वाजता आणि दांड्यावरून कधीपासून जाता येईल. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाबांची भरती'. आठवड्याभरात आळीतल्या प्रत्येक फोनवर ते पोचलं. बाबा ज्याच्या त्याच्या फोनवर स्वतःचं पेज बघत हिंडले.

मग हळूहळू पडवीशी थांबणं बंद झालं. माणसं हात करून पुढे जायची. मला हे लक्षात यायला सहा महिने लागले. काम सोपं करता करता मी ते त्यांच्याकडून काढूनच घेतलं होतं. वाईट वाटलं, पण थोडंच. पेज चांगलं चाललं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

गेल्या श्रावणात जुना सर्व्हर बंद होणार असं कळलं, म्हणून मी पेज दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं. पॅकेजेस नव्याने उतरवली. यादीत मी तिथीच्या पॅकेजपुढे लिहिलं होतं, अमुक व्हर्जन किंवा त्याहून नवं. 'किंवा त्याहून नवं' हे शब्द कंपनीत कुणी लिहिले तर मी त्याला फाडून खाते. प्रत्यक्ष कुठली व्हर्जनं वापरली याची नोंद करणारी एक फाईल आपोआप तयार होत असते. नव्या जागी जाताना ती सोबत न्यायची असते, म्हणजे तिथे तंतोतंत तेच तुकडे बसतात. ती मी नेली नाही. घरचंच काम होतं. पॅकेजेस उतरली, ओळी सरकल्या, पाणी चढलं, पडद्यावर सगळं हिरवं झालं, म्हणजे ठीक. शुद्ध पक्ष चालू होता. मी आठवडाभर रोज तपासलं, पेज एक मिनिटही चुकत नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी बोटी निघाल्या. मोसमाच्या पहिल्या दिवशी भाऊ बाबांना पाणी विचारतो. माहीत असलं तरी विचारायचं, बापाकडून ऐकून निघायचं. त्या दिवशीही तो पडवीशी आला, खांद्यावर बर्फाची गोणी, मागे खलाशी आणि आळीतल्या बायका.

"बाबा, पानी कवा?"

"पाऊनला," बाबा म्हणाले.

भावाने दुसऱ्या हाताने फोन काढला होता. तो हसला. "बारा हाय, बाबा."

"पाऊन. आज परतिपदा."

"आरं, तुजाच हिशेब हाय यात. तुजाच हिशेब बारा बोलतंय."

सगळे हसले, प्रेमानेच हसले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी फोन उघडला. पेजवर बारा होतं, वर 'बाबांची भरती' असं मोठ्या अक्षरांत. मी म्हणाले, "बाराच हाय, बाबा."

बाबांनी मान हलवली. "मंग बारा," म्हणाले आणि आत जाऊन बसले. पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी असतं, दांड्यावर भरपूर असतं, पाऊण तास इकडेतिकडे झाल्याने कुणाचं काही अडत नाही. बोटी गेल्या. भाऊ पंचमीला परतणार होता.

द्वितीयेला मी चहा देताना सहज विचारल्यासारखं करून विचारलं. बाबा म्हणाले, दीड. पेज म्हणत होतं, पाऊण. तृतीयेला ते म्हणाले सव्वादोन, पेज म्हणालं दीड. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पेज रोज तीच वेळ दाखवतंय जी बाबांनी आदल्या दिवशी सांगितली होती. म्हणजे बाबा बरोबर एका तिथीने पुढे होते. वहिनी आणि मी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोललो. बाबांनी मधला कुठला तरी एक दिवस दोनदा मोजला असणार. तशी इतर लक्षणंही होतीच. गेल्या महिन्यात कपाटाची चावी पिठाच्या डब्यात सापडली. मला दोनदा त्यांनी आत्याच्या नावाने हाक मारली, आणि आत्या जाऊन बरीच वर्षं झाली.

मी लॉग बघितला. लॉग म्हणजे सर्व्हर स्वतःबद्दल लिहीत असतो ती रोजनिशी. त्यात एकही तक्रार नव्हती. मी समाधानाने लॅपटॉप मिटला. पुण्याच्या गिऱ्हाइकाने पाऊण तासाचा फरक सांगितला असता तर मी दोन दिवस जेवले नसते. बापाने सांगितला तेव्हा मी अलिबागच्या डॉक्टरची वेळ घेतली.

त्या दुपारी पडवीत बसल्या बसल्या माझा डोळा लागला. झोपेत आणि जागेपणी यांच्या मध्ये कुठे तरी मला दिसलं की बाबा उद्यामध्ये बसलेत. पडवी तीच, ऊन तेच, फक्त ते उद्या आहे. त्यांच्या बाजूची खाडी थोडी जास्त भरलेली. आम्ही सगळे आजमध्ये उभे राहून त्यांना हाका मारतोय, आणि त्यांना त्या ऐकू येतात, पण परत कसं यायचं ते त्यांना कळत नाहीये. भीती नव्हती त्यात. उलट तिकडे फार शांत होतं आणि मलाही तिकडे जावंसं वाटत होतं. जागी झाले तेव्हा बाबा पडवीच्या टोकाला तसेच बसलेले होते, अंगठा पेरांवर. मला एवढं रडू आलं की मी तोंड धुवायला विहिरीवर गेले.

चतुर्थीला मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

पंचमीला आम्ही रिक्षाने अलिबागला गेलो. बाबांनी पांढरा सदरा घातला होता. गुडघ्यासाठी जायचंय असं मी त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं होतं. दवाखान्यात गर्दी होती, आत जाईपर्यंत बारा वाजून गेले. डॉक्टर माझ्याच वयाची बाई, आवाज मऊ. तिने गुडघ्याचं काही विचारलं नाही. ती म्हणाली, काका, मी तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवा, नंतर विचारीन. आंबा, खुर्ची, दिवा. मग तिने घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी पेन घट्ट धरून गोल काढला, आकडे घातले, काटे घातले. घड्याळ चांगलं होतं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते आणि मला परीक्षा माझीच चालल्यासारखं वाटत होतं.

"आज तारीख काय आहे, काका?"

"वद्य पंचमी," बाबा लगेच म्हणाले.

"तशी नको. इंग्रजी तारीख."

"ती न्हाय म्हाईत." त्यांनी जरा विचार केला. "ती कदी लागली न्हाय."

डॉक्टरने कागदावर काही लिहिलं. मला तिच्याशी भांडावंसं वाटलं, की अहो, हा माणूस आयुष्यभर तारखेवर नाही, तिथीवर जगलाय. आणि मग ते भांडण मनातल्या मनात चालू असतानाच मी थबकले. वद्य पंचमी. ते एक दिवस पुढे असते तर षष्ठी म्हणाले असते.

डॉक्टरच्या डोक्यामागे तिथीचं कॅलेंडर होतं. मी आजचा चौकोन शोधला. त्यात पंचमी लिहिलेलं होतं. पाचाची पाऊणपट पावणेचार, हे मला शाळेत असल्यापासून येतं. मी त्यांना दोनदा वेळ विचारली होती, तिथी एकदाही विचारली नव्हती; पहिल्या दिवशी ते आपणहून 'परतिपदा' म्हणाले होते तेही मी कानाआड केलं होतं.

मी फोन काढला. पेजवर आजची भरती तीन वाजता होती. माझ्यापुरतं मी एक आतलं पान ठेवलेलं आहे, त्यात प्रोग्रॅमच्या पोटातले आकडे दिसतात. ते उघडलं. त्यात लिहिलेलं होतं, तिथी: वीस.

वीस नावाची तिथी मी जन्मात ऐकली नव्हती. पण आकडा वाचल्याबरोबर मला सगळं दिसलं. पॅकेजचं नवं व्हर्जन आलं होतं, आणि ते लिहिणाऱ्या कुठल्याशा भल्या माणसाने पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजणं सोडून दिलं होतं. त्याच्या मते महिना म्हणजे एक ते तीस, सरळ. वद्य पंचमी म्हणजे वीस. विसाची पाऊणपट पंधरा, आणि पंधरा म्हणजे दुपारचे तीन. कुठे काही फुटलं नाही, कुठे लाल अक्षर उमटलं नाही, कारण तीन वाजता हीदेखील एक सभ्य, विश्वास ठेवण्याजोगी वेळ आहे. शुद्ध पक्षात दोन्ही मोजण्या एकच असतात, म्हणून मला काही दिसलं नाही. माझ्या लॅपटॉपवर जुनंच व्हर्जन बसलेलं होतं. तिथे मी एकदा जरी चालवून बघितलं असतं तर पावणेचार आलं असतं. म्हणजे माझ्या मशीनवर व्यवस्थित चालत होतं.

मग मी घड्याळ बघितलं. बारा वीस झाले होते. भाऊ आज परत येणार होता, बोट भरलेली, आणि पेज सांगत होतं की एक वाजता दांड्यावर चढा. खरी वेळ पावणेदोन. पौर्णिमेचं उधाण ओसरत आलेलं, दांड्यावर पाणी रोज कमी होत चाललेलं. मी त्याला फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. किनाऱ्याच्या जवळ येईपर्यंत त्याला रेंज मिळणार नव्हती, आणि रेंज मिळाल्याबरोबर तो सगळ्यात आधी पेज उघडणार, हे मला माहीत होतं.

लॅपटॉप घरी होता. फोनवरून दुरुस्ती शक्य नव्हती. फोनवरून मला एकच गोष्ट करता येत होती, ती मी केली. सर्व्हर बंद केला. इतक्या वर्षांत मी पडलेले सर्व्हर उभे केले आहेत; चालता सर्व्हर स्वतःच्या हाताने मी पहिल्यांदाच पाडला. आळीतल्या सगळ्या फोनवरची 'बाबांची भरती' एका क्षणात गेली.

"आता ते तीन शब्द सांगा, काका."

"आंबा," बाबा म्हणाले. "दिवा." डॉक्टर हसून वाट बघत राहिली. तिसरा शब्द आला नाही. ते ज्या खुर्चीवर बसले होते तिच्या हातांवर त्यांची बोटं होती.

डॉक्टर औषधं लिहीत होती तेव्हा बाबांच्या सदऱ्याच्या खिशातला फोन वाजला. तो जुना बटणांचा फोन, आवाज एवढा मोठा की बाहेर बसलेल्यांनी आत डोकावून पाहिलं. भाऊ होता. त्याच्यामागे इंजिनाची धडधड होती आणि तो ओरडून बोलत होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"बाबा, तिचा पेज उघडत न्हाय. पानी कवा?"

मी बाबांकडे बघत होते. अंगठा पेरांवर गेला, पहिल्या बोटावरून दुसऱ्यावर आला आणि थांबला. त्यांना उत्तर येत होतं. ते द्यायची त्यांची हिंमत होत नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळ सांगितलेल्या त्या माणसाने फोन कानापासून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"तू सांग गो."

"तू सांग, बाबा," मी म्हणाले. "तुजा बरोबर हाय."

"तुज्यात तीन व्हता." सकाळी आळीत कुणाच्या तरी फोनवर त्यांनी बघितलं असणार.

"माजा चुकला. तू सांग त्याला."

मी हसावं असं मला वाटत होतं, पण तोंड भलतंच काहीतरी करत होतं. शेवटी त्यांनी फोन कानाला लावला.

"पावनेचार," ते म्हणाले. "दोनच्या आदी दांड्यावर येव नको. भायेर थांब."

"नक्की ना?" भाऊ ओरडला. "त्या दिशी तुजा..."

मी फोनवर वाकून ओरडले, "नक्की! तो सांगतो तेच!" डॉक्टरने पेन खाली ठेवलं होतं आणि ती आमच्याकडे बघत होती.

भाऊ बाहेर थांबला. दोन वाजून गेल्यावर आत आला, बोटीला ओरखडाही नाही. आमच्या आळीतली दुसरी एक बोट मात्र पेज बंद होण्याच्या आधी वेळ बघून बसली होती. ती एकच्या सुमारास दांड्यावर घासली, अर्धा तास वाळूत रुतून राहिली आणि पाणी चढत होतं म्हणून सुटली. त्या बोटीच्या मालकिणीने संध्याकाळी आमच्या दारात उभं राहून मला जे ऐकवलं ते मी ऐकून घेतलं. त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. दुरुस्ती सांगून टाकते, कारण ती पाच मिनिटांची होती. जुनं व्हर्जन नेमून दिलं, 'किंवा त्याहून नवं' खोडलं, नोंदीची ती फाईल सोबत पाठवली. हे सगळं मी लोकांना शिकवत असते.

डॉक्टरने निघताना मला एकटीला थांबवून सांगितलं की विसरणं सुरू झालेलं आहे, हळू आहे, सहा महिन्यांनी पुन्हा आणा. म्हणजे तेही खरंच होतं. पुढे कधी तरी बाबा खरोखर एक तिथी चुकतील आणि तेव्हा मला कसं कळणार, हे मी तिला विचारणार होते, पण विचारलं नाही.

परतीच्या रिक्षात ते कडेला बसले. नागावच्या वाड्यांमधून रस्ता जातो तिथे दुपारीही सावली असते, आणि माडांमधून ऊन तुकड्यातुकड्यांनी त्यांच्या सदऱ्यावरून सरकत होतं. रिक्षाच्या आवाजात मला पुन्हा ती सकाळची गुंगी यायला लागली, सगळं दूर जायला लागलं. मी स्वतःला जागं ठेवलं. मला त्यांना सांगायचं होतं.

"बाबा, मना खरंच वाटला तू चुकतोस," मी म्हणाले. "म्हनून तुला इथं आनला. गुडघ्यासाठी न्हाय."

"म्हाईत हाय मना."

"तुला राग न्हाय आला?"

त्यांनी नकाराची मान हलवली. चौलचा फाटा आला तेव्हा ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. परवा दुपारी मी लॅपटॉपवर होते तेव्हा त्यांनी घरामागे खाडीच्या चिखलात एक काठी रोवली होती आणि तिच्यावर कोयत्याने खूण केली होती. पाणी खुणेपाशी येऊन कधी परततं ते बघत उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशीही.

"मंग?" मी विचारलं.

"पानी माज्याच टायमाला आयला. दोनी दिस."

"मग बोललास का न्हाय, बाबा? घरात येऊन एक शब्द तरी बोलायचा!"

ते थोडे ओशाळले. हातातली औषधांची पिशवी त्यांनी मांडीवर नीट ठेवली.

"तू लिवलेला खोटा कसा आसंल," ते म्हणाले. "मना वाटला, पानीच चुकला."